खोली भाड्याने देणे आहे

गेल्या मे महिन्यात चुलतभावाच्या मुलीच्या लग्नासाठी सुरतेला गेलो होतो. गोव्याच्या माणसाचे सुरतेत नातेवाईक कसे, असे कोणी विचारील. 1987 सालापर्यंत गोवा, दमण आणि दीव हा एकच केंद्रशासित प्रदेश होता. आमचे काका सरकारी नोकर. त्यांची बदली दमणला झाली आणि ते तिकडेच रमले. त्यांचा मुलगा पुढे सुरतेत कापडाच्या धंद्यात शिरला. घरात मराठी, बाजारात गुजराती आणि रागावला की कोंकणी, असा त्याचा संसार.

मी निघालो तेव्हा आमच्या घरात एक वाद चालू होता. मुलगी बी.कॉम. झाली आणि तिला डब्लिनच्या एका विद्यापीठात फायनान्सच्या मास्टर्सला प्रवेश मिळाला. मी मराठी घेऊन बी.ए. झालेला, कचेरीत बिले तपासणारा यूडीसी. कर्जाचा आकडा ऐकूनच माझ्या पोटात गोळा आला. पण तिचे म्हणणे वेगळेच. "बाबा, कर्ज बँक देईल. मला तिथे खोली मिळत नाही. वीस जणांना मेल केले, चौघांनी उत्तर दिले, तेही नाही म्हणून." डब्लिनमध्ये घरांची मोठी टंचाई आहे हे मला तेव्हा ठाऊक नव्हते. मी म्हटले, "पैसे मोजणाऱ्याला खोली कशी मिळत नाही? नीट शोध." आणि ओखा गाडी पकडली.

लग्न छान झाले. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पुतण्या मला लोचो खायला घेऊन गेला. चण्याच्या डाळीचा वाफवलेला मऊ प्रकार, वर तेल, शेव, कांदा आणि हिरवी चटणी. ढोकळा करायला घेतला आणि बिघडला, पण चव लागली म्हणून तसाच ठेवला, असे सुरतवाले हसत सांगतात. पुतण्या तिथल्या वीर नर्मद दक्षिण गुजरात विद्यापीठात एम.कॉम. करतो. थोड्या वेळाने त्याचा एक वर्गमित्र आला. पूर्व आफ्रिकेतून भारत सरकारच्या शिष्यवृत्तीवर आलेला उंच, शांत मुलगा. सुट्टी असूनही घरी गेला नव्हता, कारण विमानाचे तिकीट परवडत नाही.

त्याला विचारले, अभ्यास कसा चाललाय? म्हणाला, "अंकल, ताळेबंद सगळीकडे सारखाच. जमा-खर्च जुळला की संपले. अवघड बाकीचे आहे." वर्गात शिकवणे इंग्रजीत, पण सर विनोद गुजरातीत करतात. सगळे हसतात, मग शेजारचा त्याला अर्थ सांगतो आणि तो एकटाच मागाहून हसतो. आता निम्मे विनोद त्याला वेळेवर कळतात, याचा त्याला परीक्षेच्या मार्कांपेक्षा जास्त अभिमान!

मग खोलीची गोष्ट निघाली. स्वतःचे जेवण स्वतः रांधता यावे म्हणून त्याला बाहेर राहायचे होते. "फोनवर खोली रिकामी असते," तो म्हणाला. "मी दारात उभा राहिलो की पाहुणे येणार असतात." त्याने हे हसत सांगितले. पुतण्याही हसला. मला मात्र हसता येईना. माझा लोचो प्लेटमध्ये तसाच राहिला.

कारण ते पाहुणे माझ्या घरचे होते.

त्याचे असे झाले. आम्ही ताळगावात राहतो, गोवा विद्यापीठापासून फार लांब नाही. माडीवर एक खोली आहे. दोन वर्षांपूर्वी आम्ही ती भाड्याने द्यायचे ठरवले. एका आफ्रिकी विद्यार्थ्याचा फोन आला, मी "या, बघून जा" म्हटले. तो आला, चपला बाहेर काढून उभा राहिला. मी म्हटले, "सॉरी हां, खोली पाहुण्यांसाठी ठेवली आहे." तो "थँक यू अंकल" म्हणून गेला. पाहुणे कोणी आलेच नाहीत. त्या खोलीत आज एक मोडके कपाट आणि चवथीच्या माटोळीची चौकट आहे.

पुतण्याने विद्यापीठातल्या आणखी एका विद्यार्थिनीची गोष्ट सांगितली. रझिया मुरादी, अफगाणिस्तानची. लोकप्रशासन विषयात एम.ए. करून 2023 च्या पदवीदान समारंभात तिने सुवर्णपदक मिळवले. त्याआधी काही महिनेच, डिसेंबर 2022 मध्ये, तिच्या देशात तालिबानने मुलींना विद्यापीठाचे दरवाजे बंद केले होते. पदक घेताना तिने शिक्षणापासून तोडलेल्या आपल्या देशातल्या बायकांची आठवण काढली. आपण परदेश म्हटले की लंडन-अमेरिका बघतो. तिच्यासाठी परदेश म्हणजे सुरत, आणि तिचे शिक्षण तिथे झाले.

परतीच्या गाडीला उशीर होता. रात्री सुरत स्टेशनवर बसलो असताना बडोद्याकडून मुंबईला जाणारी एक गाडी आली. बडोदा इथून सुमारे 130 किलोमीटर. तेवढ्यात मला कॉलेजात वाचलेली डॉ. आंबेडकरांची हकिकत आठवली. 1913 साली ते सयाजीराव गायकवाडांच्या शिष्यवृत्तीवर न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेले, 1915 साली एम.ए. झाले. पुढे लंडनला गेले, पण शिष्यवृत्तीची मुदत संपली म्हणून अभ्यास अर्धा टाकून 1917 साली बडोद्याच्या नोकरीवर रुजू झाले. परदेशात त्यांना राहायला जागा मिळाली होती, बडोद्यात मिळेना. पारशी नाव सांगून एका पारशी पथिकाश्रमात राहिले. अकराव्या दिवशी लाठ्या घेतलेल्या लोकांनी त्यांना बाहेर काढले. एक हिंदू आणि एक ख्रिस्ती, अशा दोन परिचितांकडे आसरा मागितला. दोघांनीही सबबी सांगितल्या. मग ते बागेत बसून राहिले आणि रात्रीच्या गाडीने मुंबईला निघाले. ती गाडी याच सुरतेवरून गेली असणार.

1920 साली ते पुन्हा लंडनला गेले, तेव्हा स्वतःची शिल्लक, शाहू महाराजांची मदत आणि नवल भथेना या पारशी मित्राचे कर्ज हाताशी होते. 1921 साली एम.एस्सी. आणि 1923 साली रुपयाच्या प्रश्नावरच्या प्रबंधासाठी डी.एस्सी. मिळाली. देशाच्या पैशाचे गणित सोडवणाऱ्या माणसाला एक खोली मिळू नये! आणि ती नाकारणारे कोणी राक्षस नव्हते. माझ्यासारखेच, आवाज न चढवता सबब सांगणारे होते.

घरी आल्यावर मुलीच्या कर्जाच्या कागदांवर सही केली. सप्टेंबरात ती गेली. पहिले तीन आठवडे एका ओळखीच्या गोंयकार कुटुंबाच्या सोफ्यावर झोपली. मग एका म्हातारीने तिला खोली दिली. म्हातारीने फक्त विचारले, "थंडी सोसेल ना तुला?" फोनवर हे सांगताना पोरगी रडली.

त्या आठवड्यात मी मोडके कपाट भंगारवाल्याला दिले आणि माटोळीची चौकट पडवीत टांगली. गेटवर पुठ्ठा लावला: खोली भाड्याने देणे आहे. हिने विचारले, "कोणालाही?" मी म्हटले, "भाडे देईल त्याला."

दारातून परत पाठवलेल्या त्या मुलाचा नंबर मी ठेवला नव्हता. त्याला खोली कुठे मिळाली, मिळाली की नाही, ते मला कधीच कळणार नाही.