आषाढातली वाट : भाजे ते बेडसे

पावसाळ्यात तंबू घेऊन डोंगरात जाणाऱ्यांना आमच्या घरच्या बायका वेडे म्हणतात, आणि त्यांचे फारसे चुकत नाही. तरी गेल्या आषाढात आम्ही पाच मित्र निघालोच. एक वेल्डर, दोघे कंपनीतले हेल्पर, एक पोस्टमन आणि एक रिक्षावाला. पाचजणांची सुट्टी जुळवायला महिना गेला होता. पाऊस लागला म्हणून कोण मागे फिरतो!

शनिवारी दुपारी पिंपरीहून लोणावळा लोकल धरली. देहूरोड आले तसे सगळे दाराशी आलो. २५ डिसेंबर १९५४ रोजी बाबासाहेबांनी स्वतःच्या हाताने बुद्धमूर्तीची स्थापना केली ते हे गाव. गाडी तिथे क्षणभरच थांबते, पण हात जोडायला तेवढा वेळ पुरतो.

मळवलीला उतरून भाज्याची लेणी पाहिली. संध्याकाळी गावाबाहेर एका शेतकऱ्याला विचारून त्याच्या माळावर तंबू ठोकला. तंबू कसला, दोन ताडपत्र्या आणि चार बांबू. भोवती चर खणायला हवा होता. “एका रात्रीसाठी कुठं खणत बसता?” असे वेल्डर म्हणाला आणि ते आम्हा सर्वांना लगेच पटले. रात्री दोनला अंथरुणाखालून पाणी आले. उरलेली रात्र उकिडवे बसून काढली. पोस्टमनने तांदळाची पिशवी पोटाशी धरली होती, तेवढी कोरडी राहिली.

सकाळी परत जायचे की पुढे, यावर भांडण झाले. रिक्षावाला म्हणाला, उद्या पहाटे गाडी काढायची आहे, ताप आला तर तुम्ही भरणार काय माझा धंदा? त्याचे खरे होते. तरी चौघांपुढे त्याचे चालले नाही. लोहगड आणि विसापूर यांच्यामधल्या खिंडीपर्यंत तो एक शब्द बोलला नाही. भिजलेली ताडपत्री दुप्पट जड होते, हे ज्याने खांद्यावर वाहिली असेल त्यालाच कळेल. आम्ही ती पाळीपाळीने घेतली. धुके इतके की दोन्ही किल्ल्यांपैकी एकही दिसला नाही.

खिंड उतरून पवनेच्या बाजूला आलो. सडक वळसा घेत जात होती, म्हणून आम्ही भातखाचरांतून आडवे निघालो. लावणी नुकतीच झालेली. बांध चिंचोळा, त्यावर पाचजण एकामागे एक, पाठीवर ओझी. मधला हेल्पर घसरला, सावरायला त्याने पाय दाबला आणि हातभर बांध खाली बसला. बघता बघता वरच्या खाचरातले पाणी खालच्यात धो धो सुटले.

पलीकडून डोक्यावर प्लास्टिकचा कागद घेतलेली एक म्हातारी ओरडत आली. “अरं काय केलंत हे! परवाच खत टाकलंय, समदं वाहून जाईल की!” आम्ही ओझी तशीच चिखलात टाकली. आजी सांगतील तसे करत गेलो. आधी दगड, मग गवताची मुळांसकट ढेकळे, मग चिखलाचे गोळे, आणि वरून पायाने दाबायचे. दोनदा बांधले, दोनदा वाहून गेले. तिसऱ्यांदा वेल्डर फुटलेल्या जागी स्वतःच पाठ लावून बसला, तेव्हा कुठे मागे चिखल ठरला. आडवी झालेली रोपे आजींनी एकेक उभी केली. तासावर वेळ गेला. पोस्टमनने भीतभीत शंभराची नोट काढली. आजी म्हणाल्या, “पैशानं बांध बसतो व्हय? जावा आता, सडकेनं जावा.”

सडकेने गेलो. बराच वेळ कुणी बोलेना. मग पोस्टमननेच विषय काढला. भिक्खू पावसाळ्यातही फिरतात, हिरवे गवत तुडवतात, बारीक जीव पायाखाली मारतात, अशी तक्रार त्या काळी लोकांनीच केली होती, आणि त्यावरून भगवंतांनी वर्षावासाचा नियम घालून दिला. आषाढ पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंत एका जागी राहायचे. विहारात दर वर्षावासात ग्रंथवाचनाला आम्ही बसतो, हे ऐकलेलेही होते. पण ऐकताना आमच्या डोळ्यांपुढे कुणाचे शेत कधी आले नव्हते.

बेडशाच्या पायथ्याला पोहोचलो तेव्हा चार वाजून गेले होते. तीन-चारशे पायऱ्या. वर चैत्यगृहापुढे मूळ खडकाचा भाग तसाच सोडलेला आहे, त्यातल्या अरुंद वाटेने आत शिरलो आणि समोर ते उंच खांब आले. त्यांच्या माथ्यावर हत्ती, घोडे, बैल आणि त्यांवर बसलेली जोडपी. दोन हजार वर्षांचे काम! बाहेर पाण्याचे पडदे लोंबत होते, आत जमीन कोरडी. आमच्या माळावरच्या तंबूची आठवण झाली आणि रिक्षावाला सकाळपासून पहिल्यांदा हसला.

पोस्टमनने वहीत शिलालेखांची माहिती उतरवून आणली होती. इथले एक पाण्याचे टाके सामडिनिका नावाच्या महारठिनीने दान दिलेले आहे. त्या काळी स्त्री स्वतःच्या नावाने दान देई आणि ते नाव दगडात कोरले जाई, हे आमच्या लेकींना सांगण्यासारखे आहे. दुसरा एक लेख गोभूती नावाच्या भिक्खूच्या स्तूपाचा. अरण्यात राहणारा, भिक्षेवर जगणारा असे त्याचे वर्णन आहे. स्तूप करवला त्याच्या शिष्याने. शिष्याचे नाव असाळमित, म्हणजे आषाढमित्र. हे नाव आम्ही दोन-तीनदा मोठ्याने म्हणून पाहिले. बाहेर आषाढ कोसळतच होता.

पहारेकऱ्याने वेळ संपल्याचे सांगितले. लेण्यात रात्री राहता येत नाही, तशी मनात आलेली गोष्टही आम्ही बोललो नाही. कामशेतला लोकल मिळाली. ताडपत्रीखाली डब्यात तळे साचले, तेव्हा लोकांनी पाय वर घेतले आणि आम्हाला चार शब्द सुनावले. वेल्डर दाराशी उभा राहून काडीने नखांतला चिखल काढत होता. सोमवारी त्याची पहिली पाळी होती.