पाठशुद्धी

पोथ्यांतले पाठभेद शिकवण्यात माझी वीस वर्षे गेली. पण पाठशुद्धीतला खरा धोका मला कळला तो एका तबकडीमुळे.

तलासरी तालुक्यातल्या उधव्याला माझे वडील शाळामास्तर होते. त्यांच्याकडे गीतरामायणाची एक तबकडी होती. सहा वर्षांचा असताना मी तिच्यावर सुई अशी आपटली, की आडवा ओरखडा कायमचा उमटला. मार ठरलेलाच होता. पण अण्णांनी तबकडी पुन्हा लावली, क्षणभर ऐकली आणि ते म्हणाले, "घ्या! बाबूजींच्या गाण्यात आमच्या चिरंजीवांनीही ठेका धरला!" तेव्हापासून त्या जागी दर फेरीला, म्हणजे १.८ सेकंदांनी, 'टक्' होई.

अण्णा गेले. गेल्या दिवाळीत ती गाणी संगणकावर उतरवून आईला ऐकवायचे मी ठरवले. आधी तबकडी ऊर्ध्वपातित पाण्याने, मऊ ब्रशने धुतली. निम्मी खरखर खाचांतल्या धुळीचीच असते. मग 'टक्' काढायला घेतले. हा आवाज सेकंदाचा जेमतेम हजारावा भाग टिकतो. संगणक तो उचलतो आणि अलीकडच्या-पलीकडच्या सुरांवरून ती फट सांधतो. सतत चालणाऱ्या खरखरीचा नमुना गाणे सुरू होण्यापूर्वीच्या शांततेतून घेतला आणि तीही वजा केली. नाथांनी शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरी शुद्ध केली. मला थेट त्यांच्या पंक्तीला बसल्यासारखे वाटले! त्या भरात मूळ उतरवलेली प्रत मी पुसूनही टाकली.

आईने डोळे मिटून ऐकले. म्हणाली, "छान आहे रे. पण तबल्यावर कुणी पांघरूण घातलंय का?"

मी चपापलो. तबल्याच्या चाटेवरचा आघातही तसाच अकस्मात, तसाच क्षणिक. संगणकाने त्यालाही ओरखडाच मानले होते. खरखर अधाशीपणे काढल्यामुळे गळाही पाण्याखालून आल्यासारखा वाटत होता.

"आणि तुझा ठेका रे?" आईने हळूच विचारले.

त्या रात्री मी तबकडी पुन्हा उतरवली. नशीब, ती तरी जपली होती! आता दोन प्रती आहेत. एक जशीच्या तशी. तिला हात लावायचा नाही. दुसरीतले ठळक ओरखडे तेवढे, एकेक कानाने पारखून काढलेले.

पाहुण्यांना मी दुसरी ऐकवतो. आई पहिलीच मागते.