पिकअपला इंटरकूलर: ११,३०० रुपये आणि बोरघाट

आज फुलांचं नाही, फुलं वाहणाऱ्या गाडीचं लिहितो. दादरला शेवंती काय भावानं गेली, झेंडू किती उतरला हे आपण रोज बोलतो. पण तो पैसा घरी येईपर्यंत गाडीनं त्यातला किती खाल्ला, हे कुणी लिहीत नाही.

माझा पिकअप जुना आहे. अडीच लिटरचं डिझेल इंजिन, टर्बो आहे, इंटरकूलर नाही. त्या काळातल्या बऱ्याच गाड्या तशाच होत्या. ट्रकवर ‘टीसी’ आणि ‘टीसीआयसी’ अशी अक्षरं तुम्ही पाहिली असतील. टाटाच्या ६९७ इंजिनाचे हे दोन्ही प्रकार रस्त्यावर होते. टीसी म्हणजे नुसता टर्बो, आणि पुढचं आयसी म्हणजे इंटरकूलर. दोन अक्षरांचाच फरक, पण चढाला तो कळतो.

आमचा रस्ता असा: सासवडकडून दिवे घाट उतरायचा, पुणं, लोणावळा, बोरघाट उतरून खोपोली, पनवेल, आणि पहाटे चारच्या आत दादरचा फुलबाजार. जाताना माल भरलेला असतो, पण घाट उताराचे. खरी परीक्षा परतीला. नुसत्या रिकाम्या क्रेट घेऊन आलं तर डिझेलचा खर्च अंगावर पडतो, म्हणून मी नागदेवीहून पुण्याच्या हार्डवेअरवाल्यांचं टनभर भाडं आणतो. खोपोली ते लोणावळा साधारण साडेपाचशे मीटरचा चढ, तोही दुपारच्या उन्हात. शिंग्रोबाच्या देवळापर्यंत येईस्तोवर मागं काळा धूर आणि समोर टेंपरेचरचा काटा पाऊणवर. नारळ फोडायला थांबणारे वेगळे, मी बॉनेट उघडायला थांबायचो. आणि दसऱ्याच्या आठवड्यात गाडी घाटात बसली तर दुसऱ्या दिवशीचा तोडलेला झेंडू बांधावरच काळा पडतो. वर्षाचा निम्मा पैसा त्या पंधरवड्यात असतो.

आता हवा का तापते ते बघू. सायकलला हवा भरताना पंपाचं खालचं टोक हाताला चटका देतं की नाही? टर्बो तेच करतो, फार जोरात. बाहेर ३५ अंश असताना टर्बोनं हवा ०.७ बार दाबली आणि टर्बो माझ्यासारखा जुना, म्हणजे पासष्ट टक्के कार्यक्षमतेचा धरला, तर हिशोबानं हवा ११३ अंशांवर जाते. तापलेली हवा फुगते. म्हणजे टर्बोनं दाबून कोंबलेल्या हवेतली बरीच कमाई उष्णतेनं परत जाते. मधे साठ टक्के काम करणारा इंटरकूलर बसवला तर तीच हवा ६६ अंशांपर्यंत येते. घनता चौदा टक्क्यांच्या आसपास वाढते. जाळीतून जाताना थोडा दाब पडतो, तो वजा केला तर नऊ-दहा टक्के जास्त हवा पदरात पडते.

इथं एक गोष्ट सरळ सांगतो, कारण गाडीवेड्या पोरांचा यात गोंधळ होतो. डिझेल इंजिनाची ताकद येते डिझेलमधून. हवा वाढली, पण पंप तेवढंच डिझेल सोडतोय, तर गाडी काही विमान होत नाही. मिळतं ते एवढंच की आहे ते डिझेल नीट जळतं, धूर कमी होतो आणि जळणाची उष्णता उतरते. ढोबळ हिशोब असा की आत जाणारी हवा जेवढी अंशांनी थंड, जवळपास तेवढ्याच अंशांनी सायलेन्सरकडं जाणारा वायू थंड. पिस्टन, हेड, टर्बो यांचं आयुष्य त्यावर असतं. मला वेग नको होता, तेवढंच हवं होतं.

आमच्या घरी मात्र या खर्चावरून बरीच चर्चा झाली. घरच्यांचं म्हणणं, तेवढ्या पैशात शेवंतीच्या प्लॉटच्या जुन्या लॅटरल बदलून होतील. म्हणणं खोटं नव्हतं. शेवटी ठरलं की बारा हजाराच्या वर एक रुपया जायचा नाही, आणि लॅटरल दिवाळीनंतर. म्हणून हा ‘बजेट’ शब्द.

माल विकून सात वाजता मोकळा झालो की बाजार उघडेपर्यंत तीन-चार तास असतात. ते मी लालबागला मामांकडं काढतो. मामा गिरणीत मेन्टेनन्सला होते. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला तेव्हा ते पंचविशीत होते, आणि गिरणी त्यांच्यासाठी तिथंच संपली. पुढं आयुष्यभर परळच्या गल्ल्यांत फिटिंगची कामं केली. गिरणीत साचेखात्यात हवा दमट ठेवावी लागायची, नाहीतर सूत तुटायचं. त्यासाठीचे मोठे पंखे, हवेचे डक्ट, पाण्याचे फवारे हे सगळं मामांच्या हाताखालून गेलेलं. हवा पाइपातून कशी जाते हे त्यांना पुस्तकाशिवाय कळतं. मी तीन इंची पाइप टाकायचा म्हणालो तर म्हणाले, “अरे, नळ एवढा आणि पाइप केवढा? भरायलाच वेळ जाईल.”

हिशोब केला तर त्यांचंच बरोबर. अडीच लिटरचं इंजिन ३००० आरपीएमला मिनिटाला साधारण सव्वातीन हजार लिटर दाबलेली हवा ओढतं. दोन इंची पाइपात तिचा वेग सेकंदाला सत्तावीस मीटरच्या आसपास येतो. तेवढा चालतो. पाइप त्याहून मोठा केला तर फायदा नाही, उलट ॲक्सिलरेटर दाबल्यावर टर्बोला उठायला उशीर.

खरेदी अशी झाली. आधी ऑपेरा हाउसला मोटारपार्टच्या दुकानांत फिरलो. नवा कोअर तिथं मिळतो, पण भाव ऐकून नमस्कार केला. मग चोरबाजार. मटन स्ट्रीटची नेहमीची दुकानं शुक्रवारी बंद असतात आणि त्याऐवजी पहाटेचा जुना बाजार भरतो, हे नव्या माणसानं लक्षात ठेवावं. तिथंच आसपास एका डिझेल गाडीतून निघालेला ॲल्युमिनियमचा कोअर ३,५०० ला ठरला. जुना कोअर घेताना जाळी वाकलेली आहे का हे सगळेच बघतात. बघायचं वेगळंच असतं. ज्या गाडीतून तो निघाला तिचा टर्बो फुटलेला होता का? फुटलेल्या टर्बोचे धातूचे कण कोअरच्या नळ्यांत अडकून बसतात आणि तुमच्या इंजिनात उतरतात. तोंडाशी बोट फिरवा, बोटाला चकाकी लागली तर तो कोअर फुकट दिला तरी नको.

नागदेवीला सिलिकॉन होज आणि टी-बोल्टचे क्लॅम्प घेतले, २,४००. रेडिएटरचा साधा रबरी होज इथं चालत नाही. टर्बोतून येणाऱ्या हवेत तेलाचा अंश असतो, आणि गरम तेलानं साधं रबर मऊ पडून फुगतं. टर्बोच्या बाजूचा पहिला होज आतून तेल सहन करणाऱ्या अस्तराचा घ्यायचा, तो महाग पडतो पण एकच लागतो. पाइप आणि बेंड गुलालवाडीच्या धातूबाजारातून, १,८००, तेही ॲल्युमिनियमचेच. लोखंडी बेंड निम्म्यात मिळत होते, पण आतून गंजले की गंज जातो कुठं? इंजिनातच. लॅमिंग्टन रोडवरून (पाटीवर डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग) के-टाइप थर्मोकपल लावता येणारा डिजिटल थर्मामीटर घेतला, ९००. ही वस्तू पुढं मला भाजीपाल्याच्या रोपांसाठी शेडमध्येही उपयोगी पडली.

वेल्डिंग परळला. ॲल्युमिनियमला आर्गनचं टिग वेल्डिंगच लागतं, गावाकडच्या साध्या मशीननं त्याचं पाणी होतं. श्रावण चालू होता, मूर्तिशाळांचे मांडव रस्त्यावर आलेले, गाडी लावायला जागा नाही. कोअर खांद्यावर घेऊन गेलो. १,५०० घेतले. पाइपांच्या टोकाला कड उठवून घेतली, नाहीतर दाबानं होज निसटतो.

मग मामांची तपासणी. आधी कोअर आतून डिझेलनं तीन वेळा धुतला, आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे पूर्ण वाळवला. आत डिझेल किंवा तेल साचून राहिलं तर इंजिन तेच ओढून पेटवतं, आणि चावी बंद केली तरी थांबत नाही. ही गंमत नाही, अशी इंजिनं तुकडे होऊन संपतात. वाळल्यावर एका तोंडाला झाकण, दुसऱ्या झाकणाला सायकलच्या ट्यूबचा व्हॉल्व्ह, चाळीच्या मोरीतल्या पिंपात बुडवून १ बार हवा भरली. माझ्या टर्बोचा दाब ०.७, म्हणजे थोडा जास्तच. एका कोपऱ्यात मोहरीएवढा बुडबुडा सुटत होता. तो परत परळला नेऊन बंद केला.

बसवण्याची जागा हा या कामातला सगळ्यात अवघड प्रश्न, कोअर नव्हे. रेडिएटरच्या समोर आख्खा कोअर बसवला तर त्याच्यातून तापलेली हवा रेडिएटरला मिळते, आणि घाटात इंजिनाचं पाणी उकळतं. हवा थंड केली आणि पाणी तापवलं, असा सौदा काय कामाचा? म्हणून तो खाली डावीकडं, रेडिएटरचा तिसरा हिस्सासुद्धा झाकणार नाही असा बसवला. दुसरी अडचण, घाटात गाडी ताशी पंचवीस-तीसनं चढते, तेव्हा समोरून वाराच नसतो. त्यासाठी दहा इंची इलेक्ट्रिक पंखा, रिले आणि फ्यूजसकट १,२००. एकूण ११,३००.

गावात एकानं सुचवलं की घाटात कोअरवर फवारणीच्या पंपानं पाणी मारत जा. हसण्यावारी नेऊ नका, पाणी उडताना उष्णता घेतंच. पण आमच्या विहिरीचं पाणी क्षाराचं. ठिबकच्या तोट्यांचं जे होतं तेच जाळीचं होईल.

आकडे असे. बसवण्याआधी, शिंग्रोबाच्या अलीकडं, टनभर माल आणि तिसरा गियर असताना इंजिनात जाणारी हवा १०८ अंश. बसवल्यावर तिथंच, तेवढ्याच मालावर ६७. काळा धूर डोळ्यांना कळेल इतका कमी. पाण्याचा काटा पाऊणऐवजी निम्म्याच्या थोडा वर. ॲव्हरेजमध्ये लिटरमागं अर्ध्या किलोमीटरचा फरक दिसतो, पण तो माझ्या पायाचाही असू शकतो, त्यावर मी काही दावा करत नाही. आणि हे आकडे पावसाळ्यातले, ढगाळ हवेतले. एप्रिल-मेचे अजून यायचेत.

कायद्याचंही बघा. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ सांगतं की कंपनीनं दिलेल्या आणि आरसी बुकात नोंदलेल्या तपशिलाशी विसंगत असा बदल गाडीत करता येत नाही. २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही तेच ठामपणे सांगितलं. मी काम करण्याआधी आरटीओत विचारलं, विमा कंपनीला लेखी कळवलं आणि पोच घेतली. पंपाला हात लावला नाही. पंप फिरवून डिझेल वाढवून देणारे मेस्त्री भरपूर भेटतील, पण मग कमावलेली थंडी पुन्हा आगीतच जाते, वर क्लच आणि गियरबॉक्स बोनस म्हणून जातात.

आता कोअरच्या जाळीत आमच्या रस्त्याचा फुफाटा आणि पाचटाचे तुकडे अडकतात. दर दुसऱ्या फेरीला मागून पुढं हवा मारतो. पाण्याचा प्रेशर जवळून मारला तर पाती वाकतात. पहिल्या पाचशे किलोमीटरनंतर सगळे क्लॅम्प एकदा आवळले, दोन ढिले निघाले. बाकीचे तसेच आहेत. पुढच्या सोमवारी पहिला तोडा निघतोय, रात्री नऊला गाडी भरायची आहे.