स्टेशनजवळ की गावात?

"स्टेशनजवळ घर घेऊ की निर्मळ-भुईगावकडे?" वसईत घर शोधणारे हमखास विचारतात. स्टेशनजवळ चालत लोकल गाठता येते. गावातून आधी रिक्षा, मग लोकल. तरी गाव बरं, असं मी म्हणायचो. हल्ली थांबतो.

2009 साली चार नगरपरिषदा आणि 53 गावं मिळून महापालिका झाली. गावांनी कडाडून विरोध केला, तो उगाच नाही. वाडीतलं बावखल म्हणजे डबकं नव्हे हो! पावसाचं पाणी त्यात साठतं, मुरतं, म्हणून शेजारच्या विहिरीला गोडं पाणी राहतं. त्यावरच भराव टाकून इमारत उभी राहिली की पावसाळ्यात पाणी रस्त्यावर आणि उन्हाळ्यात दारात टँकर. म्हणजे हाल स्टेशनजवळचेच, वर लोकल लांब.

फ्लॅट बघायला गेलात की बिल्डरला विचारा, इथे आधी काय होतं?