सहायकाचे गुरुपण

अमेरिकेतील महाविद्यालयीन फुटबॉलमध्ये, म्हणजे लंबगोल चेंडू हातात घेऊन, अंगाला अंग भिडवत, यार्डायार्डाने जमीन जिंकण्याच्या तेथील खेळात, मुख्य प्रशिक्षकाचे नाव राज्यातल्या घराघरांत ठाऊक असते. परंतु खेळाडूने पाऊल कोणते आधी टाकावे, खांदा किती खाली न्यावा आणि समोरच्याच्या कमरेकडे पाहावे की डोळ्यांकडे, हे त्याला रोज शिकवणारा माणूस बहुधा दुसराच असतो. आक्रमणाचे अकरा आणि बचावाचे अकरा खेळाडू येथे वेगवेगळे असतात, प्रत्येक जागेचे कौशल्य निराळे असते आणि संघात शंभराहून अधिक तरुण असतात; त्यामुळे एका माणसाने सर्वांना शिकवणे अशक्यच ठरते. महाविद्यालयीन क्रीडासंघटनेने सर्वोच्च स्तरावरील संघांना पूर्वी नऊ आणि २०१८ मध्ये दहा सहायक प्रशिक्षक नेमण्याची मुभा दिली, ती या गरजेपोटीच. तरीही या पदाकडे पाहण्याची रूढ दृष्टी अशी आहे की ते वाटेतले ठिकाण आहे, मुक्काम नव्हे. आणि या दृष्टीमुळे एका खऱ्याखुऱ्या शिक्षकी पेशाचे मोल कमी लेखले जाते.

या पेशाची पहिली पायरी ‘ग्रॅज्युएट असिस्टंट’ची असते. पदव्युत्तर शिक्षण घेणारा हा तरुण शुल्कमाफी आणि तुटपुंजे विद्यावेतन एवढ्यावर काम करतो. प्रतिस्पर्ध्यांच्या सामन्यांची चित्रफीत तुकड्यातुकड्यांनी तपासतो आणि त्यांच्या चाली कागदावर आखून देतो, म्हणजे सरावात राखीव खेळाडूंना त्या चालींची हुबेहूब नक्कल करता येते. त्याच्या वरती एकेका जागेचे प्रशिक्षक असतात आणि त्यांच्याही वरती आक्रमणाचा व बचावाचा प्रत्येकी एक समन्वयक, ज्याला ‘कोऑर्डिनेटर’ म्हणतात आणि जो सामन्यात प्रत्येक डावाआधी कोणती चाल खेळायची ते ठरवतो.

शिकवण्याइतकेच मोठे दुसरे काम म्हणजे भरती. प्रत्येक सहायकाकडे काही भूप्रदेश सोपवलेला असतो. तेथील शाळांना भेटी देणे, शाळेतल्या प्रशिक्षकांशी वर्षानुवर्षे संबंध राखणे, सतरा वर्षांच्या मुलाच्या घरी जाऊन त्याच्या आईवडिलांशी बोलणे, हे त्याने करायचे. या भेटीत तो जे सांगतो त्याचा गाभा एकच असतो : मुलगा आमच्याकडे पाठवा, त्याची काळजी मी घेईन. हे वचन प्रामाणिकपणे दिलेले असते, परंतु ते पाळण्याचे सामर्थ्य देणाऱ्याच्या हाती नसते, कारण मुलगा चार वर्षांसाठी येतो आणि सहायकाची नेमणूक पुष्कळदा एक-दोन वर्षांच्या कराराची असते. मुख्य प्रशिक्षक हरला तर सहायक जातो; तो जिंकून मोठ्या विद्यापीठात गेला तरी सहायकाला त्याच्यामागे जावे लागते किंवा नवे ठिकाण शोधावे लागते. सहायकाच्या कुटुंबाने किती शहरे बदलावीत हे दुसऱ्या कोणाच्या तरी जयपराजयावर अवलंबून असावे, ही या पेशातली सर्वांत कठोर गोष्ट आहे.

ब्लॅक्सबर्ग या डोंगराळ गावातील व्हर्जिनिया टेक विद्यापीठाचा इतिहास या दृष्टीने बोलका आहे. फ्रँक बीमर १९८७ मध्ये तेथे मुख्य प्रशिक्षक झाले. १९९२ च्या हंगामात संघाने केवळ दोन सामने जिंकले, आठ गमावले आणि एक बरोबरीत सोडवला. विद्यापीठाने बीमर यांना ठेवले, मात्र काही सहायकांना जावे लागले. पुढच्याच वर्षी संघ नऊ सामने जिंकला आणि हंगामाअखेरच्या निमंत्रित सामन्यात, ज्याला ‘बोल’ म्हणतात, त्यात खेळला. बीमर २०१५ मध्ये निवृत्त होईपर्यंत ही निमंत्रणे एकाही वर्षी चुकली नाहीत. या यशाच्या कहाणीत बीमर यांच्या धीराचे कौतुक होते आणि ते योग्यच आहे. पण ज्या सहायकांच्या नोकऱ्या गेल्या त्यांनाही त्या धीराची किंमत मोजावी लागली, हे नोंदवले गेले पाहिजे.

जे टिकले त्यांत बड फॉस्टर होते. केंटकीतील मरे स्टेट विद्यापीठात ते खेळले, तेथेच बीमर यांच्या हाताखाली शिकवू लागले, आणि १९८७ मध्ये त्यांच्यासोबत ब्लॅक्सबर्गला आले. लाइनबॅकर, म्हणजे आघाडीच्या रांगेमागे उभे राहून चेंडूवाल्याला अडवणारे बचावपटू, हा त्यांचा विषय. १९९५ मध्ये त्यांना बचावाचे सहसमन्वयकपद मिळाले आणि पुढच्या वर्षी ती जबाबदारी पूर्णपणे त्यांच्याकडे आली. त्याच सुमारास एका खाणकामगाराचा जेवणाचा जुना डबा, मुंबईच्या गिरणी कामगाराच्या हाती असे तसाच पत्र्याचा, संघाच्या बचावाचे चिन्ह झाला. कोळशाच्या खाणींच्या त्या परिसरात या चिन्हाचा अर्थ कोणाला समजावून सांगावा लागला नाही. फॉस्टर यांच्या रचनेत ‘रोव्हर’ आणि ‘व्हिप’ नावाच्या जागा होत्या. त्यांवरील खेळाडू लाइनबॅकरसारखा भिडणारा आणि मागच्या रक्षकासारखा चपळ असावा लागे. मोठ्या विद्यापीठांनी अंगकाठीमुळे नाकारलेल्या मुलांना अशा जागांवर घडवता येते, हा त्यामागचा विचार मुळात शिक्षकाचा आहे. २००५ आणि २००६ या दोन्ही हंगामांत प्रतिस्पर्ध्यांना सर्वांत कमी यार्ड देणारा बचाव देशभरात त्यांचाच होता. सप्टेंबर २०१४ मध्ये, कारकीर्दीच्या उत्तरार्धात, त्यांनी ओहायो स्टेटविरुद्ध आघाडीची रांग दाटीने भरणारी जुनी ‘बेअर’ रचना बाहेर काढली. व्हर्जिनिया टेकने तो सामना ३५-२१ असा जिंकला. ओहायो स्टेट त्या वर्षी राष्ट्रीय विजेता ठरला, आणि हंगामात त्याने गमावलेला सामना हा एवढाच होता.

सर्वोत्तम सहायकाला दरवर्षी ‘ब्रॉइल्स पुरस्कार’ दिला जातो. आर्कान्सासचे मुख्य प्रशिक्षक फ्रँक ब्रॉइल्स यांच्या हाताखालील अनेक जण पुढे नामवंत मुख्य प्रशिक्षक झाले, म्हणून पुरस्काराला त्यांचे नाव आहे. म्हणजे सहायकाचा गौरव करतानाही तो पुढे काय झाला हीच कसोटी मनात राहते. १९९६ चा पहिला पुरस्कार मात्र फ्लोरिडा स्टेटच्या मिकी अँड्रूज यांना मिळाला, ज्यांनी मुख्य प्रशिक्षक म्हणून १९७१ मध्ये लिव्हिंगस्टन या छोट्या विद्यापीठाला आपल्या स्तरावरील राष्ट्रीय विजेतेपद मिळवून दिले होते, आणि नंतर १९८४ पासून २००९ पर्यंत फ्लोरिडा स्टेटचे बचाव समन्वयकपद सांभाळले. २००६ चा पुरस्कार फॉस्टर यांचा. जानेवारी २००० मधील राष्ट्रीय विजेतेपदाच्या लढतीत हे दोघे समोरासमोर होते. फ्लोरिडा स्टेट ४६-२९ असे जिंकले. अँड्रूज यांना वरची पायरी अप्राप्य नव्हती, ती चढून पाहिल्यावर ते खालच्या पायरीवर सव्वीस हंगाम राहिले, हे लक्षात घेतले म्हणजे ‘बढती हुकलेला माणूस’ हे सहायकाचे वर्णन किती तोकडे आहे ते कळते.

अलीकडे पैशाचे गणितही बदलले आहे. २०१८ मध्ये लुइझियाना स्टेटने बचाव समन्वयक डेव्ह अरांडा यांना वर्षाला पंचवीस लाख डॉलर देऊ केले. या सुबत्तेचा वाटा तळाच्या सहायकापर्यंत फारसा पोहोचत नाही, आणि अरांडा स्वतःही दोन वर्षांत मुख्य प्रशिक्षक होऊन बेलरला गेले.

बीमर यांच्यानंतर आलेल्या जस्टिन फ्युएंटे यांनी फॉस्टर यांना कायम ठेवले. नवा मुख्य प्रशिक्षक सहसा आपली माणसे आणतो, त्यामुळे हा निर्णय विरळाच म्हणावा लागेल. २०१९ च्या नोव्हेंबरमध्ये, तेहतिसाव्या आणि अखेरच्या हंगामात, फॉस्टर यांच्या बचावाने लागोपाठच्या दोन सामन्यांत, आधी जॉर्जिया टेकला व नंतर घरच्या मैदानावर पिट्सबर्गला, एकही गुण मिळू दिला नाही. पुढचे दोन्ही सामने संघ हरला आणि त्यांतील शेवटच्या सामन्याबरोबर त्यांची कारकीर्द संपली. १९९५ ते १९९७ या काळात त्यांच्या हाताखाली ग्रॅज्युएट असिस्टंट असलेले ब्रेंट प्राय पुढे पेन स्टेटचे बचाव समन्वयक झाले आणि नोव्हेंबर २०२१ मध्ये व्हर्जिनिया टेकचे मुख्य प्रशिक्षक म्हणून परतले. शिष्य गुरूच्या वरच्या पदावर पोहोचला, पण त्या पदाने त्याला चार हंगामही पूर्ण करू दिले नाहीत. सप्टेंबर २०२५ मध्ये पहिले तीन सामने गमावल्यावर विद्यापीठाने त्यांना दूर केले, आक्रमणाच्या समन्वयकाकडे संघ तात्पुरता सोपवला, आणि प्राय यांनी नेमलेल्या सहायकांनी स्वतःच्या पुढच्या वर्षाचा पत्ता नसताना येत्या शनिवारच्या सामन्याचा सराव घेतला.