रस्ता काय म्हणालाय?

मी बेळगावच्या शहापूरचा. नोकरी मात्र सगळी गोव्यात, फोंड्याला झाली. १९९२ ते २०१९. शनिवारी दुपारी निघून बेळगाव गाठायचं आणि सोमवारी पहाटे परत फोंडा, हा सत्तावीस वर्षांचा क्रम. बस होती, रेल्वेही होती, पण नव्वदच्या दशकात मीटरगेजचं ब्रॉडगेज होताना गाडीचा भरवसा नव्हता. म्हणून मोटरसायकल. ह्या रस्त्यावर मी काय काय बघितलं ते मुलं मला लिही म्हणतात. खरं, मला लिहायचंय ते माझ्या दाजींबद्दल.

दाजी म्हणजे माझ्या आक्काचे यजमान. पिरनवाडीत त्यांचं किराणा दुकान. बेळगावहून खानापूरकडं जाताना जिथून जांबोटीचा फाटा फुटतो, तिथंच जवळ. दुकानासाठी नारळ, आमसुलं, कधी सुकी मासळी आणायला ते महिन्यातनं दोनदा गोव्याला जायचे, येझदीवर. मला गाडी शिकवली त्यांनीच. ज्यांनी येझदी चालवली आहे त्यांना आठवत असेल, किकचा दांडा हाच गिअरचा दांडा. किक मारून तोच खाली वळवायचा. टू-स्ट्रोक इंजिन, पेट्रोलमध्येच ऑईल मिसळायचं. घाट उतरताना ॲक्सिलरेटर पूर्ण बंद ठेवला तर इंजिनला ऑईल पोचत नाही आणि गाडी जाम होऊ शकते. म्हणून उतारावरसुद्धा मधूनमधून थोडा ॲक्सिलरेटर द्यायचा. हे पुस्तकात वाचून येत नाही. मागं बसलेला माणूस खांद्यावर टपली मारून सांगतो, तेव्हा कळतं.

त्या काळात आमचा रस्ता खानापूर, लोंढा, रामनगर, अनमोड, मग घाट उतरून मोले आणि पुढं फोंडा. अनमोड घाट दहा-बारा किलोमीटरचाच, खरं सगळा जंगलातला. दोन्ही बाजूंनी झाडी, म्हणून दुपारीसुद्धा वळणावर सावली. पावसाळ्यात त्या सावलीत शेवाळ धरतं. पहिल्या पावसाच्या पहिल्या अर्ध्या तासात तर ट्रकांचं सांडलेलं ऑईल आणि धूळ वर येऊन डांबराचा साबण होतो. पाऊस धो धो कोसळायला लागला की उलट बरं, सगळं वाहून जातं.

घाटाच्या वर बेळगावकडचे धोके वेगळे. ऊस हंगामात रात्री दोन-दोन ट्रेलर जोडलेले ट्रॅक्टर. मागं दिवा नाही, रिफ्लेक्टर नाही, पुढं गाणं मात्र मोठ्यानं. सुगीत गावाजवळच्या रस्त्यावर सोयाबीन, नाचणा पसरलेला असतो. चारचाकीखाली आपोआप मळणी होते, दुचाकीवाला मात्र काडावरनं घसरतो आणि तेच काड चेनमध्ये गुंडाळलं जातं. शेतकऱ्याचंही खोटं नाही, खळं करायला जागा कुठं राहिली? म्हणून दाजींचा नियम होता: दुरून रस्त्याचा रंग बदललेला दिसला की आधी वेग कमी, कारण मग शोधायचं.

आता मुख्य गोष्ट.

घाटात चढावर ट्रक बंद पडला की क्लीनर उडी मारून मागच्या चाकाखाली दगड लावतो. मग ट्रकच्या मागं पंधरा-वीस पावलांवर आणखी चार-पाच दगड मांडतो आणि वर झाडाची हिरवी डहाळी ठेवतो, मागून येणाऱ्याला कळावं म्हणून. ही चांगलीच पद्धत. खरं, ट्रक सुरू झाला की सगळ्यांना पुढं जायची घाई. डहाळी वाऱ्यानं उडून जाते, दगड तिथंच राहतात. चारचाकी त्यांना दोन चाकांच्या मधे घेऊन निघून जाते. दुचाकीला एकच रेघ असते. त्या रेघेत दगड आला की संपलं.

फेब्रुवारी १९९७. दाजी एकटेच फोंड्याहून परत निघाले होते. दिवस मावळताना घाटात शिरले. समोरून उतरणाऱ्या गाडीचा फुल लाईट डोळ्यावर आला आणि त्याच क्षणी पुढचं चाक दगडावर गेलं. दाजी एका बाजूला, येझदी दुसऱ्या बाजूला, नारळ उतारावर गडगडत. डाव्या पायाचं हाड गुडघ्याखाली दोन ठिकाणी मोडलं.

नंतरचं सगळं आम्हाला त्यांनीच सांगितलं. पहिल्यांदा थांबला तो हावेरीकडचा एक ट्रक. ड्रायव्हर आणि क्लीनर दोघांनाही कन्नड सोडून काही येत नव्हतं. क्लीनर पोरगाच, अठरा-एकोणीसचा. त्यानं दाजींना जागचं हलवलं नाही. आधी डहाळ्या तोडून त्यांच्या वरच्या आणि खालच्या बाजूला रस्त्यावर पसरल्या, अंधारात दुसरी गाडी अंगावरून जाऊ नये म्हणून. मग बॅटरी लावून शेजारी बसला. थोड्या वेळानं बेळगावात भाजी घ्यायला निघालेला गोव्याचा रिकामा टेम्पो वर चढत आला. तो ड्रायव्हर भाजी सोडून मागं फिरला. दाजींना टेम्पोत घेताना तो "पात्रांव, भियेनाका" म्हणत होता आणि क्लीनर खालून "निधान, निधान" म्हणत होता. म्हणजे सावकाश. दाजी म्हणायचे, दोन्ही कळालं मला, त्या रात्री मला सगळ्या भाषा कळत होत्या.

ऑफिसच्या वॉचमननं खोलीवर येऊन मला उठवलं. मी दवाखान्यात पोचलो तेव्हा टेम्पोवाला बाकड्यावर बसून होता. सकाळपर्यंत थांबला. पैसे घेतले नाहीत. आमच्याकडून चहा तेवढा घेतला.

तीन ऑपरेशनं झाली, पायात रॉड बसला. दीड वर्षानं दाजी काठी घेऊन चालायला लागले. डावा पाय थोडा आखूड राहिला. येझदी घराच्या मागं ताडपत्रीखाली गेली ती गेलीच. आक्कानं तेव्हाच सांगितलं होतं, ह्या घरात आता मोटरसायकल नको. भाचा त्या वेळी दोन वर्षांचा.

दाजी दुकानात बसायला लागले आणि तिथून त्यांचं दुसरं काम सुरू झालं. खानापूरकडनं कुणी गाडीवाला येऊन दुकानाशी थांबला की काडेपेटी द्यायच्या आधी त्यांचा प्रश्न, "रस्ता काय म्हणालाय?" आमच्या बेळगावच्या बोलीत म्हणजे रस्ता काय म्हणतोय. तुम्ही पुण्या-मुंबईकडचे असाल तर 'म्हणालाय' ऐकून तुम्हाला वाटेल रस्ता बोलून मोकळा झाला. आमच्याकडं तो अजून बोलतोय.

लोक सांगायचे. तिनईघाटाजवळ झाड पडलंय. रामनगरच्या पुढं खडी टाकलीय, पसरलेली नाही. मोल्याच्या अलीकडं गवे रस्त्यावर आहेत. दाजी हे सगळं पुढं जाणाऱ्याला सांगायचे. मग ध्यानात राहीना म्हणून शाळेत असतो तसा एक काळा फळा आणला, दुकानाबाहेर टांगला, वर एक बल्ब लावला. रोज संध्याकाळी दुकान बंद करताना खडूनं लिहायचे. गाव, धोका, कुठल्या बाजूला. बास. "अनमोड, तिसरं वळण, डावीकडं दगड." "लोंढा, धुकं." "खानापूर पूल, पाणी नाही, जावा." शेजारच्या कन्नड शाळेत शिकणारी एक मुलगी रोज खाली तेच कन्नडमध्ये उतरवून द्यायची. बेळगावात पाट्यांवरून काय काय झालंय ते तुम्हाला सांगायला नको. त्या फळ्यावरून कधी कुणी भांडलं नाही.

सोमवारी पहाटे चार-साडेचारला मी पिरनवाडीत पोचायचो. दुकान बंद, गाव झोपलेलं, बल्बखाली फळा. गाडी चालू ठेवूनच वाचायचो. एका जूनमध्ये लिहिलं होतं, "रामनगरच्या पुढं रस्ता उकरलाय, फलक नाही, उजवीकडनं." तिथं पोचलो तेव्हा अंधार आणि पाऊस. रस्त्याचा डावा अर्धा भाग गुडघाभर खोल उकरलेला आणि त्यात काठोकाठ पाणी. वरून बघताना सपाट डांबरच वाटावं. मी उजवीकडनं गेलो. मागं दोन मोटरसायकलवाले होते. थांबून, हात दाखवून त्यांना काढून दिलं आणि मग पुढं निघालो.

पुढं चोर्ला घाटाचा रस्ता चांगला झाला. पणजीकडं जाणाऱ्यांचं अंतर बरंच कमी झालं. जांबोटी, कणकुंबी, चोर्ला, केरी, साखळी. सुंदर रस्ता, खाली अंजुणे धरणाचं पाणी दिसतं. खरं, धोका तोच, नुसता पत्ता बदलला. कणकुंबी म्हणजे मलप्रभेचा उगम, तिथला पाऊस आणि धुकं ज्यानं पाहिलंय त्यालाच माहीत. साखळी-डिचोलीकडं खाणींचा हंगाम जोरात होता तेव्हा मातीचे ट्रक एकामागं एक, रस्त्यावर लाल चिखल, ब्रेक लावला की मागचं चाक बाजूला जायचं. २०१२ ला खाणी बंद झाल्या तसा रस्ता स्वच्छ झाला, आणि त्या ट्रकांवर पोट असलेली माणसं रिकामी झाली. आपल्याला सोपं झालं म्हणून आनंद करावा असं काही ते नव्हतं. दाजींच्या फळ्यावर आता दोन रकाने आले, एक अनमोडचा, एक चोर्ल्याचा.

दाजी २०१६ मध्ये गेले, हृदयविकारानं, घरातच. दुकान भाड्यानं दिलं. फळा काही दिवस कोरा टांगलेला होता, मग आक्कानं काढून माडीवर ठेवला.

आता भाच्याचं. इंजिनिअर झाला, २०२१ मध्ये वेर्ण्याला नोकरी लागली. पहिल्या वर्षी बसनं गेला. दुसऱ्या वर्षी घरात न सांगता साडेतीनशे सीसीची मोटरसायकल बुक केली. आक्का आठ दिवस त्याच्याशी बोलली नाही. मला फोन करून म्हणाली, "तू सांग त्याला. तुझं ऐकतो." काय सांगणार? मी स्वतः सत्तावीस वर्षं त्याच रस्त्यावर गाडी चालवली. आणि आक्काला 'काही होत नाही' असं म्हणायची माझी हिंमत नव्हती, कारण काय होतं ते तिनं दीड वर्ष रोज उचलून बसवलं होतं, आंघोळ घातली होती.

मी भाच्याला म्हटलं, एकदा माझ्याबरोबर चल. दोघं दोन गाड्यांवर, चोर्ल्यानं. मी मुद्दाम मागं राहिलो. पोरगा नीट चालवत होता. वळणाच्या आधी वेग कमी, वळणात ब्रेक नाही, ट्रकच्या अगदी मागं चिकटणं नाही. घाट उतरताना एका वळणाच्या पुढं त्यानं इंडिकेटर लावला, गाडी कडेला घेतली. मला वाटलं गाडीत काही बिघडलं. तो उतरला, दोन्हीकडं बघितलं, रस्त्यातले तीन दगड उचलून एकेक करून डोंगराच्या बाजूच्या गटारीत टाकले. दरीकडं टाकले नाहीत.

मी विचारलं, हे दरीत न टाकायचं कुणी सांगितलं?

"खालच्या वळणावर माणसं असतात की मामा."

"पप्पांनी शिकवलं?"

"न्हाई ओ. सकाळी शाळेला जायच्या आधी फळा पुसायचं काम माझ्याकडं होतं. रोज दगड, दगड. दहा वर्षं पुसलंय."

आक्काची भीती गेलेली नाही, आणि ती जावी असं मी म्हणणारही नाही. ठरलंय ते असं: भाचा निघताना, कणकुंबीला आणि केरीला पोचल्यावर फोन करतो. कणकुंबी ते केरी मधे फोनला रेंज लागत नाही. तेवढा वेळ आक्का काहीही करत नाही. भाजी चिरायला घेतली असेल तर विळी बाजूला ठेवून बसते. केरीहून फोन आला की पहिला प्रश्न, "रस्ता काय म्हणालाय?" तो सांगतो आणि ती ते कॅलेंडरच्या मागं पेन्सिलनं लिहून ठेवते. वरच्या गल्लीतली तीन पोरं गोव्याला नोकरीला आहेत, ती रविवारी संध्याकाळी येऊन विचारून जातात.

मंडळी, ह्या ग्रुपवर बेळगाव, निपाणी, कारवार, गोवा, पार इंदूर-बडोद्यापर्यंतची माणसं आहेत. आपापल्या घाटातनं जाणारे पुष्कळ असतील. दोन विनंत्या आहेत. रस्त्यात दगड दिसला तर गाडी पुढं, दिसेल अशा सुरक्षित जागी लावा, इंडिकेटर चालू ठेवा, दोन्हीकडचं वाहन बघा, आणि दगड डोंगराच्या बाजूला टाका. रात्री, धुक्यात किंवा वळणावर एकट्यानं हे करायला जाऊ नका. तेव्हा पुढच्या गावात, पहिल्या चहाच्या टपरीवर सांगा. आणि गाडीवरनं उतरल्यावर, मागून कुणी येणार असेल त्याला दोन शब्दांत कळवा: गाव, धोका, कुठल्या बाजूला. फोटो नंतर टाकला तरी चालतो.

ह्या पावसाळ्यात चोर्ल्यानं किंवा अनमोडनं कोण कोण जावालाय?