पाडायचं नाही, असं ठरल्यावर

ऑगस्ट 2019मध्ये कृष्णेचं पाणी आयर्विन पुलापाशी 57 फुटांवर गेलं आणि सांगलीच्या गावभागातलं आमचं भाड्याचं घर छातीभर बुडालं. स्वतःचं घर हवं आणि तेही उंचावर, हे तेव्हाच ठरलं. पण विश्रामबागेतले भाव आम्हा दोघांच्या पगाराला झेपणारे नव्हते. पुढे माझी बदली साताऱ्याला झाली. तिथे मंगळवार पेठेत सासरचं जुनं घर होतं, सासूबाई गेल्यापासून कुलूपबंद.

घर पाहून बहुतेकांनी एकच सल्ला दिला : पाडा आणि आरसीसी उठवा. ठेकेदाराने चौरस फुटाला दोन हजारांच्या पुढचा दर सांगितला, तोही पंधरा दिवसांपुरता. 2022चा उन्हाळा होता. युक्रेन युद्धानंतर सळई इतकी महागली होती, की मे महिन्यात केंद्राने पोलादावर निर्यात शुल्क लावलं. सिमेंटवर तेव्हा 28 टक्के जीएसटी होता. तो 18 टक्क्यांवर यायला सप्टेंबर 2025 उजाडला.

आम्ही आधी स्ट्रक्चरल ऑडिट करून घेतलं. जोतं घडीव दगडाचं, सागवानी खांब शाबूत. दोन तुळयांची भिंतीतली टोकं मात्र कुजली होती, कौलं गळत होती आणि मागच्या भिंतीला भेग होती. ती 1967च्या कोयना भूकंपातली, असं शेजारचे आजोबा सांगत. म्हणजे पाया, भिंती, लाकूड यांचा खर्च आधीच्या पिढ्यांनी करून ठेवलेला होता.

सुताराने तुळयांना टेकू देऊन कुजकी टोकं कापली आणि नवं लाकूड जोडलं. भूकंपाचा मुलूख म्हणून भिंती एकमेकींना लोखंडी पट्ट्यांनी जखडल्या. गवंडी सिमेंटच्या गिलाव्यासाठी अडून बसला होता. पण मातीत बांधलेल्या भिंतीवर सिमेंट चढवलं की ओल आत कोंडते. चुन्याच्या गिलाव्यातून ती बाहेर पडते. म्हणून इंजिनिअरनी चुनाच वापरायला लावला. सगळा खर्च नव्या बांधकामाच्या निम्म्याच्या आत राहिला.

पैशांपेक्षा कागदांनी जास्त दमवलं. मिळकत पत्रिकेवर अजून आजेसासऱ्यांचं नाव. एका बँकेने जुन्या बांधकामाची किंमत शून्य धरून कर्ज नाकारलं; शेवटी भविष्य निर्वाह निधीतून पैसे काढले. नणंदांनी हक्कसोडपत्र द्यावं, असं नात्यातले सुचवत होते. मला ते पटलं नाही. माहेरच्या घरावरचा त्यांचा हक्क माझ्या सोयीसाठी का जावा? सगळ्या वारसांची नावं लावली आणि लेखी करार केला : राहायला दोन खण आमच्याकडे, बाकीचे दोन भाड्याने, भाड्यातून दुरुस्तीचा खर्च फिटेपर्यंत वाटणी नाही. पुण्याचे दीर आणि दोन्ही नणंदा, सगळ्यांनी सह्या केल्या.

त्या दोन खणांत आज एक नर्सताई मुलासह राहतात. हप्ता फेडायचा नसल्यामुळे त्यांच्या ऐपतीतलं भाडं आम्हाला परवडतं. तेच घर कर्ज काढून नव्याने बांधलं असतं, तर भाडं हप्त्याच्या हिशेबानेच ठरलं असतं.

2011च्या जनगणनेत देशाच्या शहरांत 1 कोटी 11 लाख घरं रिकामी आढळली. राज्यांत सर्वाधिक महाराष्ट्रात. पाटण-जावळीतही माथाडी कामासाठी मुंबईला गेलेल्यांची कुलूपबंद घरं गावोगाव दिसतात. गावच्या घरकुलाला सपाट भागात मिळणारे 1 लाख 20 हजार नवं पक्कं घर बांधण्यासाठी असतात. त्याच्या जोडीने जुनं, भक्कम घर दुरुस्त करायलाही मदत मिळावी, बँकांनी ऑडिटच्या आधारे कर्ज द्यावं आणि वारस नोंदीपासून हिस्सेदारांच्या करारापर्यंतचं काम एकाच टेबलावर व्हावं. घरासाठी वणवण करणारी माणसं आणि बंद पडलेली घरं एकाच पेठेत असताना, सरकारने नव्या विटेइतकाच पैसा जुन्या भिंतीवरही घालायला हवा.